अकरा मिनिटांचा खवल्या

वैजयंता पोवार खोटं बोलत नाही, ही गोष्ट कोल्हापुरात आणि कोल्हापूरबाहेर मिळून चार लाख लोकांना पक्की ठाऊक होती. बाकी तिच्याबद्दल बरंच काही बोललं जायचं. बाई फटकळ आहे, कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही, सख्ख्या नवऱ्याला कॅमेऱ्यामागं पुतळ्यासारखं उभं करते. यातलंही काही खोटं नव्हतं. नवरा विलासराव, तीस वर्षं एसटी चालवलेला शांत माणूस, त्यावर फक्त म्हणायचा, "घाटात कुठं ब्रेक मारायचा आणि कुठं नाही, हे मला ठाऊक आहे."

पाच वर्षांपूर्वी लहान मुलांच्या खेळण्यांतून सेल हद्दपार झाले होते. बटणाएवढे सेल गिळलेली पोरं आणि कचरा डेपोंना लागणाऱ्या आगी यांना कंटाळून सरकारनं एकदाचा कायदा केला, आणि आता खेळणी चालणार कशावर म्हणून लोकांनी कपाळाला हात लावला. उत्तर प्रयोगशाळेत तयार होऊन पडलंच होतं. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, एका केसाच्या जाडीत हजारो मावतील इतक्या बारीक. त्यांचे धागे काढायचे, धाग्यांची दोरी वळायची आणि तिच्यावर रबरासारख्या लवचीक प्लास्टिकचा पातळ लेप चढवायचा. त्या लेपामुळं आतले धागे एकमेकांवरून घसरत नाहीत. अशा दोरीला पीळ दिला की तो पीळ म्हणजेच साठवलेली ऊर्जा. जेमतेम पाच ग्रॅमची दोरी माणसानं पाच मिनिटं हात फिरवून भरावी आणि तिनं ती ऊर्जा तासन्‌तास थोडी थोडी परत द्यावी. पोलादाच्या स्प्रिंगला हे सात जन्मांत जमलं नसतं. पीळ भरून वर्षभर फडताळात ठेवली तरी दोरी उतरत नाही, आणि हातोडा मारला तरी पेट घेत नाही. लोक तिला पीळदोर म्हणू लागले.

मग काय विचारता! मेलेल्या चाव्यांना जीव आला. एका हातानं दात घासत दुसऱ्या हातानं विजेरीला पीळ देणारे आजोबा घरोघर दिसायला लागले. शाळांतून पोरं बेडूक, टोळ आणि बगळे जोडू लागली. आणि महाद्वार रोडवरच्या ज्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात वैजयंता दिवसचे दिवस माश्या मारत बसायची, तिथं लोक खेळण्यांचे डबे घेऊन सल्ला विचारायला येऊ लागले. त्यातूनच तिचा ‘चावी’ हा कार्यक्रम निघाला.

दर शनिवारी सकाळी दहाला थेट प्रक्षेपण. एक डबा फोडायचा, एका बैठकीत, मध्ये कुठंही न कापता यंत्र जोडायचं, चालवून बघायचं आणि दहापैकी गुण द्यायचे. आठाच्या वर तिनं कुणाला चढू दिलं नव्हतं. तिचे नियमही ठरलेले होते. डबा आपण विकत आणायचा, निकालाआधी करणाऱ्याशी एक अक्षर बोलायचं नाही आणि कार्यक्रम चालू असताना कॅमेऱ्यामागच्या माणसानं तोंड उघडायचं नाही.

त्या शनिवारी टेबलावर जो डबा आला, त्याच्यावरचं नाव वाचून विलासरावांनी कॅमेरा लावता लावता बायकोकडं चोरून पाहिलं. ‘खवल्या. चावीवर चालणारं खवले मांजर. रचना आणि निर्मिती: राजनंदिनी लोहार, उद्यमनगर, कोल्हापूर.’

"नंदूचा आहे," ते म्हणाले.

"वाचता येतं मला," वैजयंता म्हणाली आणि तिनं चष्मा पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

राजनंदिनी उद्यमनगरातल्या लेथवाल्याची पोर. अठराव्या वर्षी वैजयंताच्या बाकावर शिकायला बसली आणि पाच वर्षं बसली. अशी बोटं वैजयंतानं पुन्हा पाहिली नव्हती. पण पोरीला दुरुस्तीत रस नव्हता, तिला स्वतःचं काहीतरी करायचं होतं. एके दिवशी तिनं केलेला एक लंगडा टोळ टेबलावर ठेवला, आणि वैजयंता म्हणाली, "दुसऱ्याचं धड करता येईना आणि निघाली स्वतःचं करायला." पोरगी उठली, चपला घातल्या आणि गेली. त्याला चार वर्षं झाली होती. वैजयंताला मूलबाळ नव्हतं. ती त्या वाक्याबद्दल कधी कुणाशी बोलली नाही, पण तो टोळ तिनं टाकलाही नव्हता.

दहा वाजले. लाल दिवा लागला.

डबा उघडल्यावर पहिली पाच मिनिटं वैजयंता नुसतीच बघत राहिली. दोनशे चौदा पितळी खवले, एकेक नखाएवढा, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. सागाचे पाय. दातेरी चाकं अशी कापलेली की दातावरून बोट फिरवावं तर बोट हसावं. माहितीपत्रक साध्या मराठीत, चित्रं हातानं काढलेली. खवल्याची खरी गंमत पोटात होती. तो चालताना कुणी पाठीला हात लावला किंवा तो कशाला धडकला की एक कळ सरकायची, पायांकडं जाणारी ओढ एका रिळाकडं वळायची, रिळावर दोरा गुंडाळला जायचा आणि सगळं अंग गोळा होऊन खवल्यांचा चेंडू व्हायचा. मग दहा सेकंद एक छोटा पंखा हवेत फिरून वेळ मोजायचा. कळ सुटली की चेंडू उलगडून खवल्या पुन्हा चालू लागायचा. ना चिप, ना तार. सगळी अक्कल नुसत्या चाकांत आणि दोऱ्यात.

"हे," वैजयंता कॅमेऱ्याला म्हणाली, "डोकं असलेल्या माणसाचं काम आहे." विलासरावांनी कॅमेऱ्यामागं मिशीतल्या मिशीत हसून घेतलं.

तिनं मुख्य आस हातात घेतला. त्याच्याच टोकाला पीळदोर अडकवायची होती. पत्रकातली सूचना तिनं मोठ्यानं वाचली. "‘आसाला तेल लावू नये. कोरडा बसवावा.’ बरं. कोरडा बसवू." आस भोकात बसला, तिनं दोर अडकवली, वर दोरीची डबी बंद केली आणि ती पायांकडं वळली. साडेचार तास ती जोडत होती. तेवढ्या वेळात तिनं दोन कप चहा घेतला आणि चौदा प्रेक्षकांना कॅमेऱ्यावरून झापलं. शेवटचा खवला बसला तेव्हा तो प्राणी टेबलावर असा उभा होता की बघणाऱ्याला वाटावं, आता हा मुंग्या शोधायला निघणार.

डब्यावर लिहिलं होतं: एका चावीत तीन तास. तिनं शेपटीशी असलेला दांडा पाच मिनिटं फिरवला आणि खवल्याला फरशीवर सोडला.

तो चालला. डुलत, नाक खाली घालून, खवले किणकिणवत चालला. विलासरावांनी पाय पुढं केला, त्याला धडकून खवल्याचा चेंडू झाला, दहा सेकंदांनी उलगडला. लोकांचे संदेश धो धो येत होते. वैजयंतानं चष्मा काढून पुन्हा पुसला.

आठव्या मिनिटाला खवल्याची चाल मंदावली. दहाव्या मिनिटाला तो पाय ओढू लागला. अकराव्या मिनिटाला एक पाय वर उचलून तो तसाच थांबला.

वैजयंतानं पुन्हा पाच मिनिटं दांडा फिरवला. या वेळी नऊ मिनिटं. ती सरळ उभी राहिली. तिला राग आला होता, आणि तो राग कुणाचा होता हे तिलाही नीट कळलं नव्हतं. इतकं सुंदर काम करून पोरीनं शेवटी थाप मारावी? खरं तर त्या क्षणी तिला आपल्या माणसानंच फसवल्यासारखं वाटलं.

"डब्यावर तीन तास लिहिलंय," ती म्हणाली. "चालला अकरा मिनिटं. चूक होते, चुकीचं मला काही नाही. पण हे मोजून न बघता लिहिलंय, आणि त्याला आमच्याकडं खोटं म्हणतात. ज्याला स्वतःच्या हातचं मोजता येत नाही, त्यानं दुसऱ्याच्या लेकराच्या हातात काही देऊ नये. दहापैकी दोन. ते खवल्यांसाठी."

रविवारी सकाळपर्यंत तिचं ते वाक्य सगळीकडं पोचलं. ‘अकरा मिनिटांचा खवल्या’ ही थट्टा झाली. जिल्ह्यातल्या शाळांसाठी यंत्रखेळणी निवडणारी एक समिती होती आणि तिच्या यादीत खवल्या पहिला होता. निवड गुरुवारी व्हायची होती. समितीनं रविवारीच कळवून टाकलं की खवल्या वगळला आहे, कारण ‘चावी’चा निकाल.

ते वाचूनही वैजयंताला समाधान वाटेना. तिला एक गोष्ट खटकत होती. थांबलेला खवल्या उचलताना त्याचं पोट तिच्या हाताला गरम लागलं होतं. दोर कमी ताकदीची असती तर दांडा हलका फिरला असता. पण दांडा चांगला जड फिरला होता. म्हणजे ऊर्जा आत गेली होती. गेलेली ऊर्जा कुठं नाहीशी होत नाही. ती पायांत उतरली नाही, तर उष्णतेत उतरली, आणि पीळदोर आतून गरम होते ती एकाच कारणानं. धागे एकमेकांवरून घसरायला लागले की.

तिनं डोळ्याला भिंग लावलं आणि डबी उघडली. दोर काळी असायला हवी, काळीच होती, पण ओली चमकत होती. तिनं चिमट्यानं टोक उचललं आणि वास घेतला. तो वास चाळीस वर्षं तिच्या बोटांना होता. घड्याळाचं तेल.

आता खरं सांगायचं तर तिला आठवेना. सूचना वाचल्याचं स्पष्ट आठवत होतं. आणि तरीही तिला ठाऊक होतं काय झालं असणार. आस भोकात बसला की उजवा हात तेलाच्या सुईकडं जातो, टोकावरचा थेंब भोकाला लागतो, हात परत येतो. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला हे ठरवावं लागत नाही. श्वास घ्यायचं तरी कोण ठरवतं? तो एवढासा थेंब साडेचार तासांत आसावरून सरपटत दोरीपर्यंत गेला, लेप फुगला, मऊ पडला आणि धागे सुटले.

डब्यात एक जादा दोर होती. तिनं आस, डबी, भोक स्पिरिटनं तीन-तीनदा पुसलं, उजवा हात मुद्दाम पाठीमागं धरून डाव्या हातानं ती दोर बसवली आणि सकाळी अकराला खवल्याला दुकानामागच्या घरात सोडला. बाराला तो स्वयंपाकघरात होता. एकला विलासरावांच्या ताटाला धडकून चेंडू झाला. दोन वाजून सात मिनिटांनी तो देवघराच्या उंबऱ्याशी थांबला. तीन तास सात मिनिटं. पोरीनं कमीच लिहिलं होतं.

वैजयंता खाली फरशीवर बसली. "अहो," ती म्हणाली, "तेल मी लावलं."

"हं," विलासराव म्हणाले.

"हं काय?"

"तुझा हात सुईकडं गेलेला मी बघितला. त्याचा काय परिणाम होतो, हे मला काय कळतंय? मी बस चालवली."

"मग बोलला का नाही?"

"कार्यक्रम चालू असताना बोलायचं नाही. नियम कुणाचा?" मग ते म्हणाले, "काल रात्री ते चित्रण परत लावून बघितलं. चित्रात काही दिसत नाही. तुझा अंगठा आडवा आलाय. दोर खराब निघाली म्हटलंस, तरी कोण ओळखणार नाही."

ते तिला फूस लावत नव्हते. फक्त रस्ता कुठं कुठं जातो ते सांगत होते, आणि ते तिला समजलं. चार लाख माणसं. चाळीस वर्षांचं नाव. ते नाव ‘वैजयंता खोटं बोलत नाही’ या एका वाक्यावर उभं होतं, आणि आता तेच वाक्य खरं ठेवायचं तर नाव जाणार. तिला भीती वाटली. साठी उलटल्यावर इतकी साधी भीती वाटेल असं तिला वाटलं नव्हतं.

"रिक्षा बघा," ती म्हणाली.

"आज रविवार. कारखाना बंद असेल."

"तिचा नसणार."

नव्हताच. उद्यमनगरातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ-नऊ बायका जमिनीवर बसून तयार डबे फोडत होत्या. मध्ये राजनंदिनी, केस वर बांधलेले, समोर उघड्या खवल्यांची रांग. तिनं वर पाहिलं आणि गडबडीनं उभी राहिली.

"काकू? बसा की. मी आत्ता चहा सांगतो." कोल्हापूरच्या पोरी बोलतात तसं ती बोलली, जसं काही चार वर्षं मध्ये गेलीच नव्हती.

"काय करालीस हे?"

"सगळे डबे खोलालोय. सहाशे आहेत. काल रात्रीपासून चाळीस चालवून बघितले, चाळीसच्या चाळीस तीन तास चालतात. पण तुम्ही अकरा मिनिटं म्हणालात म्हणजे कुठंतरी चूक असणारच. मला सापडंना झालीय." तिनं वाकून पुढचा डबा उचलला. "सापडली नाही तर सगळा माल मोडीत घालतो. खोटं लिहून विकायचं नाही मला."

वैजयंताला वाटलं, हिनं चिडावं, चार शब्द सुनवावेत, दार दाखवावं. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्या चाळीस खवल्यांपेक्षा हिला माझा शब्द मोठा! तिला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

"नंदू," ती म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही. आसाला तेल मी लावलं."

शेडमधले हात थांबले. राजनंदिनी तिच्याकडं बघत राहिली. मग तिला कळलं, आणि तिचा चेहरा लाल झाला.

"पण ते तर लिहिलंय! मोठ्या अक्षरात! तुम्ही वाचून पण दाखवलं!"

"वाचलं आणि लावलं."

"आणि मला सगळ्या जगासमोर खोटी म्हटलं! काकू, माझ्या आईनं कालपासनं जेवण केलं नाही. या बायका..." ती पाठ करून उभी राहिली. वैजयंतानं तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, तो हक्क आपला राहिलेला नाही असं तिला वाटलं.

"सगळ्यांसमोर सांगणार?" पाठमोऱ्या राजनंदिनीनं विचारलं.

"सांगणार. समितीच्या निंबाळकर बाईंना येतानाच फोन केला. त्या म्हणाल्या, ‘तुमच्या शब्दावर काढला, आता तुमच्याच शब्दावर परत घेणार नाही. शब्द पुरे झाले, गुरुवारी बैठकीआधी डोळ्यांनी बघू.’ बरोबरच आहे त्यांचं."

"मग दाखवू की. कोरडा आस, नवी दोर. तीन तास चालतोच."

"नाही," वैजयंता म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात बाकावर शिकवतानाचा जुना कडकपणा परत आला. "तसा नाही दाखवायचा. ऐक. चूक माझी आहे, पण ती मीच केली असं नाही, उद्या घरोघर होणार. दांडा जरा कुरकुरला की आया काय करतील? खोबरेल तेलाची बाटली घेतील आणि दोन थेंब सोडतील. तू कितीही मोठ्या अक्षरात लिही. आपल्याकडं कुरकुरलं की तेल, हे आईच्या दुधाबरोबर येतं. एका थेंबानं मरतो तो प्राणी पोरांच्या हातात टिकायचा नाही."

राजनंदिनी वळली. डोळे ओले होते, पण ती ऐकत होती. कारागीर म्हणून ऐकत होती.

"तेल आडवायचं कसं? रबरी वायसर बसवला तर ओढ वाढते. बघितलंय मी."

"वायसर नको. तेल सरपटत जातं, पण धारदार कड ओलांडत नाही. कडेला येऊन थेंब होऊन बसतं. घड्याळाच्या आसाला खांद्याजवळ बारीक खाच असते, ती कशासाठी? तू साफ करायचीस त्या खाचा, कधी विचारलं नाहीस."

"तुम्ही कधी सांगितलं नाही!"

"तेही खरं," वैजयंता म्हणाली. "दोन खाचा मार. पहिली चुकली तर दुसरी धरेल. लेथ चालू कर."

रविवारची दुपार, सगळा सोमवार आणि मंगळवार शेडमध्ये लेथ फिरत राहिला. पहिल्या खाचा उथळ पडल्या आणि तेलानं त्या हसत हसत ओलांडल्या. दुसऱ्या इतक्या खोल गेल्या की आस वाकला. वैजयंता आणि राजनंदिनी दोनदा कडकडून भांडल्या, एकदा कडेच्या कोनावरून आणि एकदा चहात साखर किती यावरून. मंगळवारी संध्याकाळी राजनंदिनीनं खाचेची बाहेरची कड सरळ न ठेवता आतल्या बाजूला कलती केली. ही युक्ती घड्याळांत नव्हती, तिची स्वतःची होती. बारा तास भिंगाखाली ठेवलेला थेंब बुधवारी सकाळी जिथल्या तिथं चमकत बसला होता. वैजयंतानं भिंग खाली ठेवलं आणि पोरीकडं बघून नुसती मान हलवली. राजनंदिनीला ते पुरेसं होतं.

गुरुवारी सकाळी सात वाजता रंकाळ्याच्या काठच्या पायवाटेवर ‘चावी’ सुरू झाली. शनिवार नसताना, दुकान सोडून. विलासरावांच्या खांद्यावर कॅमेरा होता. निंबाळकर बाई वही घेऊन आल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

वैजयंतानं आधी तेच सांगितलं. लांबण लावली नाही. "गेल्या शनिवारी मी राजनंदिनी लोहार या बाईला खोटी म्हटलं. ती खोटी नव्हती. तेल लावू नका असं लिहिलेलं मी वाचलं आणि तेल लावलं. कॅमेऱ्यात ते दिसत नाही, म्हणून मी सांगते आहे. चूक माझी, शिक्षा तिला झाली. मी तिची माफी मागते."

संदेशांचा पूर आला. बाईला विकत घेतलं, असं कुणी लिहिलं. हिच्या कुठल्या गुणांवर आता विश्वास ठेवायचा, असं पुष्कळांनी लिहिलं. विलासरावांनी ते वाचले आणि तिला दाखवले नाहीत. पण तिला अंदाज होता.

मग तिनं निंबाळकर बाईंनी आणलेल्या डब्याचं सील फोडून नवा खवल्या उचलला, अंगठा मुद्दाम बाजूला धरला, आणि सुईच्या टोकावरचा एक नाही, चांगले तीन थेंब तेल आसाच्या भोकात सोडले. बघणाऱ्यांतल्या कुणीतरी "अगं आई" म्हटलं. साडेचार तास थांबायची गरज नव्हती. हाच खवल्या कालपासून तेल पिऊन बसलेला होता, आणि निंबाळकर बाईंनी बुधवारी दुपारी आपल्यासमोर त्यात तेल सोडायला लावून तो स्वतःच्या हातानं सीलबंद करून रात्रभर घरी ठेवला होता. राजनंदिनीनं पाच मिनिटं दांडा फिरवला आणि सात वाजून वीस मिनिटांनी त्याला वाटेवर सोडलं.

अकरावं मिनिट आलं तेव्हा माणसं फिरायची थांबली होती. अकरा झाली, बारा झाली. कुणीतरी टाळी वाजवली, बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. खवल्या आपला डुलत चालला होता, घाई नाही, उसंत नाही. आठच्या सुमारास एक भटकं कुत्रं आलं आणि त्यानं पाठीला नाक लावलं. खण्‌कन चेंडू झाला. कुत्र्यानं जी उडी मारली ती पाहून पन्नास माणसं एकदम हसली. दहा सेकंदांनी खवल्या उलगडला आणि कुत्र्याकडं न बघता पुढं निघाला.

इतकं हळू चालायची माणसाला सवय नसते. वैजयंता आणि राजनंदिनी त्याच्यामागं पाऊल पाऊल टाकत राहिल्या. दुसऱ्या तासात राजनंदिनी म्हणाली, "तो टोळ का हो लंगडायचा?" आणि वैजयंता म्हणाली, "मागच्या पायाचा दांडा आखूड होता. दोन मिनिटांचं काम होतं. मी सांगायला हवं होतं, मी बोलले भलतंच. फार वाईट बोलले गं." राजनंदिनीनं वैजयंताचा हात धरला, आणि पुढं सोडला नाही.

दहा वीसला तीन तास झाले. वाटेच्या दोन्ही बाजूंना आता दोन-अडीचशे माणसं होती, शाळेला दांडी मारलेली पोरं होती, दप्तरं पाठीवर घेऊन. खवल्या चालत होता. या वेळी टाळ्या कुणी थांबवल्या नाहीत. त्या इतक्या वाजल्या की रंकाळ्यावरचे बगळे उठले. शेडमधल्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. निंबाळकर बाईंनी वहीत एक ओळ लिहिली, ती राजनंदिनीसमोर धरली, आणि पहिल्यांदा हसल्या. "सगळ्या शाळा," त्या म्हणाल्या. "बैठकीत मी सांगते, कोण नाही म्हणतंय बघू."

"आता गुण सांगा की बाई!" गर्दीतून आवाज आला. "दहापैकी किती?"

वैजयंता कॅमेऱ्याकडं वळली. विलासरावांना तिचा चेहरा चाळीस वर्षं ओळखीचा होता, पण असा त्यांनी तो लग्नात पाहिला होता तेवढाच.

"गुण मला देता येणार नाहीत," ती म्हणाली. "या आसावर दोन खाचा आहेत. त्यात माझा हात आहे. ज्याचा हात लागला त्यानं गुण द्यायचे नसतात. खवल्याचे गुण आता तुम्ही द्या. आणि ‘चावी’ आजपासून बंद."

"काकू!" राजनंदिनी घाबरून म्हणाली. "अहो, तुमचा कार्यक्रम! मी असं कुठं म्हणालो?"

"चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या. आता माझ्या कुणीतरी काढू देत की." ती मोठ्यानं हसली. इतकी हलकी ती कधी नव्हतीच झाली. विलासरावांकडं बघून ती म्हणाली, "बंद करा तो दिवा. आणि आता बोला काय बोलायचं ते."

विलासरावांनी कॅमेरा खांद्यावरून उतरवला. "मला भूक लागलीय," ते म्हणाले.

दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी खवल्यानं एक पाय पुढं टाकला, तो टेकवला आणि थांबला. तीन तास अडतीस मिनिटं. राजनंदिनीनं त्याला उचलून छातीशी धरला. पोरांनी दोघींना गराडा घातला होता, प्रत्येकाला दांडा फिरवायचा होता. त्या गलक्यातून वैजयंतानं तिच्या कानाशी वाकून विचारलं, "उद्या शेड किती वाजता उघडतेस?"

"नऊला."

"आठला उघड," वैजयंता म्हणाली. "पुढचा प्राणी उडणारा करायचाय."